जुन्या वहीतलं ११.१ आणि आजचं ११.३८

आमच्या ठाण्यातल्या ॲथलेटिक्स क्लबची स्मरणिका निघतीये. त्यातलं 'क्लबचा इतिहास' हे पान माझ्या गळ्यात पडलं, एक तर मी शाळेत असताना तिथे ४०० मीटर पळायचे आणि दुसरं म्हणजे मला मराठी टायपिंग येतं (दुसरं कारण जास्त महत्त्वाचं). सरांनी कपाटातून एक वही काढून दिली, लाल कापडी बांधणीची, किराणा दुकानात उधारी लिहितात तसली, कोपरे कसरीनं खाल्लेले. आत पानोपान निळ्या शाईत तारीख, नाव, किती मीटर आणि टायमिंग. बास, एवढंच. मी उत्साहात एका पानाचा फोटो काढून पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला आणि मग दिवसभर फोन वाजत राहिला.

झालं असं की त्या पानावर एका मुलाचं १०० मीटरचं टायमिंग ११.१ आहे. ऐंशीच्या दशकातलं, मातीवरचं. आज क्लबमधला सगळ्यात फास्ट मुलगा पळतो ११.३८, तेही सिंथेटिक ट्रॅकवर, स्पाइक्स (खिळ्यांचे बूट) घालून. त्याच्याच आईचा मेसेज आला, "ताई, म्हणजे मातीत पळणारी पोरं ह्यांच्यापेक्षा फास्ट होती? मग आम्ही पहाटेची लोकल पकडून पोरांना मरीन लाइन्सच्या ट्रॅकवर कशाला नेतोय?"

प्रश्न चुकीचा नाहीये. टीव्हीवर, पेपरात, व्हॉट्सॲपवर रेकॉर्ड मोडलं रेकॉर्ड मोडलं चालू असतं आणि आपण दोन आकडे शेजारी ठेवून लहान कुठला ते बघतो. पण हे दोन आकडे एका जातीचेच नाहीयेत, आणि का नाहीयेत ते सांगायला थोडं मागून यावं लागेल.

आधी, क्लब कशासाठी लागतो?

पळायला क्लब लागत नाही. कुत्रं मागे लागलं की कोणीही पळतं, तेही पर्सनल बेस्ट. क्लब लागतो तो पळणं मोजायला, आणि आज मोजलेलं उद्याच्या मोजण्याशी ताडून बघता यावं म्हणून. आमच्या क्लबकडे आजही स्वतःचं मैदान नाही, ऑफिस नाही, एका शाळेच्या मैदानाची सकाळ-संध्याकाळ परवानगी आहे फक्त. पण स्टॉपवॉच, टेप, फक्कीची गोणी, क्लॅपर आणि ही वही, हे पहिल्या दिवसापासून होतं. क्लॅपर म्हणजे बिजागरीनं जोडलेल्या दोन लाकडी फळ्या, फाडकन आपटल्या की तीच पिस्तूल.

जगातही हे असंच झालंय. इंग्लंडमध्ये १८८० मध्ये क्लबांची मिळून देशपातळीवरची संघटना झाली कारण प्रत्येक गावाचे नियम वेगळे. १९१२ मध्ये स्टॉकहोमला आंतरराष्ट्रीय संघटना जन्माला आली, आत्ताची वर्ल्ड ॲथलेटिक्स, आणि तिच्या पहिल्या कामांपैकी एक काम म्हणजे कुठला रेकॉर्ड खरा धरायचा ते ठरवणं. पुरुषांच्या १०० मीटरचा तिने मान्य केलेला पहिला जागतिक विक्रम १०.६ चा, १९१२ सालचाच.

आपल्याकडची गोष्ट तर मला जास्तच आवडते. पुण्याचा डेक्कन जिमखाना १९०६ चा. दोराबजी टाटा त्याचे अध्यक्ष असताना त्यांनी तिथल्या शर्यती बघितल्या. पळणारे बरेचसे शेतकरी घरातले, अनवाणी, कोणी काही शिकवलेलं नाही, तरी त्यांची टायमिंग युरोपातल्या पळणाऱ्यांच्या जवळपास जातायत हे त्यांच्या लक्षात आलं. म्हणजे बघा, कोणीतरी तिथे घड्याळ घेऊन उभं होतं म्हणून हे कळलं! त्यातूनच पुढे १९२० मध्ये अँटवर्प ऑलिंपिकला टीम गेली आणि बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये १९ वे आले. आणि गंमत अशी की त्या मॅरेथॉनचं अंतर होतं ४२.७५ किलोमीटर. आत्ताचं ४२.१९५ हे त्यानंतर, १९२१ मध्ये पक्कं झालं. म्हणजे चौगुल्यांचं टायमिंग आजच्या मॅरेथॉनवाल्याशी लावायचं तर ते अर्ध्या किलोमीटरपेक्षा जास्त एक्स्ट्रा पळाले होते हे आधी वजा करायला हवं.

घड्याळ कोणी दाबलं?

आता आमच्या वहीकडे. त्यातलं प्रत्येक टायमिंग हँड टायमिंग आहे, म्हणजे माणसाने अंगठ्याने स्टॉपवॉच दाबून घेतलेलं. आजच्या मुलाचं ११.३८ हे इलेक्ट्रॉनिक. पिस्तूल वाजलं की घड्याळ आपोआप सुरू होतं आणि फिनिशला एक कॅमेरा फक्त त्या रेषेचेच सेकंदाला हजाराच्या आसपास फोटो घेत असतो. त्यात ज्याची छाती आधी रेषेवर आली तो पहिला. डोकं नाही, हात नाही, छाती. (म्हणून ते शेवटी पुढे झुकतात, पाय अडखळून नाही.)

माणसाचं काय होतं, तो स्टार्टला धूर किंवा क्लॅपरची हालचाल बघतो आणि मग दाबतो. डोळ्याने बघून अंगठ्यापर्यंत निरोप जायला साधारण सेकंदाचा पाचवा भाग लागतो, तेवढं घड्याळ उशिरा सुरू झालं. फिनिशला मात्र उशीर होत नाही कारण पळणारा समोरून येताना दिसतोच, आपण अंदाजाने बरोबर रेषेवर दाबतो. बसस्टॉपवर बस लांबून येताना दिसली की आपण हात आधीच वर करून ठेवतो ना, तसं. म्हणजे सुरुवातीला चोरलेला वेळ शेवटी परत केला जात नाही आणि टायमिंग प्रत्यक्षापेक्षा कमी येतं. म्हणून १०० आणि २०० मीटरचं हँड टायमिंग इलेक्ट्रॉनिकशी ताडायचं तर त्यात ०.२४ सेकंद मिळवायची पद्धत आहे, ४०० ला ०.१४.

हे झालं टाइमकीपर शहाणा असेल तर. तो जर आवाजावर दाबत असेल तर अजून मजा. पावसाळ्यात येऊरच्या डोंगरावर वीज आधी चमकते आणि गडगडाट मागून येतो, तेच इथे. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे १०० मीटर लांब फिनिशला उभ्या असलेल्या माणसाच्या कानात क्लॅपर पोचायलाच ०.२९ सेकंद. म्हणजे पळणारा निघालासुद्धा, आणि मग घड्याळवाल्याला ऐकू आलं! सर सांगतात की म्हणूनच ते क्लॅपरला पांढरा रुमाल बांधायचे, कान नको, रुमाल बघा. पण रविवारी सर स्टार्टला आणि फिनिशला कोणाचे तरी बाबा, असं पण बऱ्याचदा व्हायचं आणि बाबा रुमालच बघत होते की चहावाल्याला, ते वहीत लिहिलेलं नाही.

तर ११.१ अधिक ०.२४, झाले ११.३४. अजूनही आजच्या मुलापेक्षा किंचित फास्टच.

"एवढ्या पॉइंटपॉइंटनं काय फरक पडतो?"

हा प्रश्न प्रत्येक पालक मीटिंगला येतो. पी. टी. उषाला विचारा. १९८४, लॉस एंजेलिस, ४०० मीटर अडथळा, तिचे ५५.४२ आणि ब्राँझवालीचे ५५.४१. सेकंदाचा शंभरावा भाग, हाताच्या घड्याळाला तो दिसतच नाही, त्या दिवशी अंगठ्याने मोजलं असतं तर दोघी सारख्याच.

दुसरं उदाहरण मिल्खा सिंगांचं. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये ४०० मीटरला चौथे, ४५.६. हा आकडा आपल्याकडे शाळेतल्या पोरांनाही पाठ असायचा. १९९८ मध्ये परमजीत सिंग ४५.७० पळाला आणि तो राष्ट्रीय विक्रम झाला. अरे पण ४५.७० तर ४५.६ पेक्षा जास्त! लोकांचा गोंधळ उडाला तो इथेच. मिल्खांचे ४५.६ हे हाताचे होते, त्याच शर्यतीत त्यांची इलेक्ट्रॉनिक वेळ होती ४५.७३. एकच माणूस, एकच शर्यत, दोन आकडे. आणि परमजीतचा सामना झाला तो ४५.७३ शी. आमच्या ग्रुपवर जे झालं तेच, फक्त मोठ्या लेव्हलला.

मग क्लबच्या वहीतलं टायमिंग कुठे चालतं का?

नाही. सरळ उत्तर. क्लबच्या प्रॅक्टिसमधलं टायमिंग हे घरच्या वजनकाट्यासारखं, स्वतःपुरतं. कुपनाच्या रॉकेलला जसं दुकानातलंच माप लागायचं तसं इथे मान्यता असलेल्या स्पर्धेतलं टायमिंग लागतं. क्लब जिल्हा संघटनेशी जोडलेला असतो, जिल्हा राज्याशी, राज्य ॲथलेटिक्स फेडरेशनशी (ती १९४६ पासूनची) आणि ती वर्ल्ड ॲथलेटिक्सशी. शाळेच्या स्पर्धा ही वेगळीच लाइन, ती जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडून जाते आणि तिथे वयोगट १४, १७, १९ वर्षांखालील, तर फेडरेशनकडे १४, १६, १८, २०. ह्या दोन लाइनी पालकांच्या डोक्यात कायम एकात एक होतात आणि मग दहावीचे वाढीव गुण, पाच टक्के आरक्षण, कुठलं सर्टिफिकेट कशाला चालतं ह्यावर मैदानाच्या कठड्यावर तासन्‌तास चर्चा. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे, मी त्यात पडत नाही.

पुढे उभी राहिलेली पोरगी चीटिंग करत नाहीये

ट्रॅक म्हणजे ४०० मीटर, हे सगळ्यांना माहीत असतं. पण कुठल्या रेषेवर ४००? देवळात प्रदक्षिणा घालताना गाभाऱ्याला चिकटून चालणाऱ्या आजीची फेरी छोटी आणि बाहेरून पळणाऱ्या नातवाची मोठी. तसंच इथे. स्टँडर्ड ट्रॅकच्या दोन सरळ बाजू ८४.३९ मीटरच्या आणि वळणांची त्रिज्या ३६.५०. अंतर मोजायचं ते आतल्या कडेवर नाही तर कडेपासून ३० सेंटिमीटर बाहेर, कारण कोणी कडेला घासून पळत नाही. ३६.८० ची त्रिज्या धरून गुणाकार करून बघा, वळणांचे २३१.२२ आणि सरळचे १६८.७८, बरोबर ४००. मी नववीतल्या पोरीला हे करायला लावलं तर ती म्हणे आई, गणितात हे का नाही देत.

लेन १.२२ मीटर रुंद, त्यामुळे दुसऱ्या लेनवालीची पूर्ण फेरी ७.०४ मीटरने मोठी होते, म्हणून तिला तेवढं पुढे उभं करतात. ह्याला स्टॅगर म्हणतात. आठव्या लेनवाला तर ५३ मीटर पुढे असतो. दर वर्षी कोणीतरी आजोबा जिल्हा स्पर्धेत उभे राहून ओरडतातच, "तो मुलगा पुढून का निघाला!"

आता मुद्दा असा की आमच्या शाळेच्या मैदानात ४०० चा ट्रॅक बसतच नाही, तिथे फक्कीने २०० मीटरचा आखायचो, मी ४०० पळायचे म्हणजे दोन फेऱ्या, चार वळणं, आणि वळणावर माणूस स्लो होतोच. म्हणून पोरांना मरीन लाइन्सचं युनिव्हर्सिटीचं मैदान, नेपियन सी रोडचं प्रियदर्शिनी पार्क नाहीतर कांदिवलीचं साई (भारतीय क्रीडा प्राधिकरणाचं केंद्र) असं न्यावं लागतं. हौस म्हणून नाही, मोजलेलं अंतर पाहिजे म्हणून.

आणि वारा

पाठीमागून वारा सेकंदाला २ मीटरपेक्षा जास्त असेल तर १०० मीटरचा रेकॉर्ड धरत नाहीत, लांब उडीचा पण नाही. २ मीटर म्हणजे तासाला सव्वासात किलोमीटर, सायकल रमतगमत चालवली तर तोंडावर लागतो तेवढाच वारा, पण १०० मीटरला तो सेकंदाचा दहावा भाग सहज देऊन जातो. वहीत वाऱ्याचा कॉलमच नाही. मोजायचं यंत्र कुठून आणणार, सर माती उडवून बघायचे आणि "आज वारा आहे" म्हणायचे, संपलं.

मग आम्ही टेप घेऊन गेलो

एका रविवारी मी, सर आणि तो ११.३८ वाला मुलगा जुन्या मैदानावर गेलो. १०० मीटरची सरळ रेघ तेव्हा गेटच्या दगडी खांबापासून पाण्याच्या सिमेंटच्या टाकीच्या कोपऱ्यापर्यंत असायची. दोन्ही अजून तिथेच आहेत, टाकीत पाणी नाही एवढंच. ५० मीटरचा स्टीलचा टेप जमिनीला लावून, ताणून, मध्ये खिळा ठोकून दोनदा मोजलं. पहिल्यांदा ९८.६२, दुसऱ्यांदा ९८.५७.

सर काही बोलले नाहीत. खांबाला हात लावून उभे राहिले आणि मग म्हणाले परत मोज. तिसऱ्यांदा ९८.६० आलं.

मग हळूहळू निघालं. तेव्हा लांब टेप परवडत नव्हता, पाच मीटरच्या टेपने एका सुती दोरीवर दहा-दहा मीटरच्या गाठी मारल्या होत्या, घरात, उन्हाळ्यात. आणि मैदान आखायचं ते पाऊस संपता संपता, पहाटे, ओल्या गवतावर. सुती दोरी भिजली की आखडते, आमच्या गॅलरीतली कपडे वाळत घालायची दोरी पावसाळ्यात कशी तटतटून ताणली जायची ते ज्यांनी बघितलंय त्यांना कळेल. शंभरात दीड मीटर जायला तेवढं पुरे. दुसरं कारणही असेल, पण मला हे पटतं.

त्या वेगाला शेवटचा दीडएक मीटरचा तुकडा पळायला साधारण ०.१५ सेकंद लागतात. ११.३४ अधिक ०.१५, म्हणजे ११.४९.

मुलाने मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर बेरीज केली आणि सरांकडे न बघता हळूच मोबाइल खिशात ठेवला. ते मला फार आवडलं.

"म्हणजे जुनी पोरं स्लो होती!"

ग्रुपवर लगेच हे पण आलं. थांबा जरा. तो मुलगा मातीवर, स्टार्टिंग ब्लॉकशिवाय, खुरप्याने दोन खड्डे खणून त्यात पाय रोवून निघायचा. स्पाइक्स तीन मुलांत मिळून एक जोडी होती, ज्याची रेस आधी त्याने घालायचे आणि पळून आल्या आल्या काढून द्यायचे, साइज कोणाचा का असेना. सिंथेटिक ट्रॅक म्हणजे दर पावलाला जमीन सारखीच वागणार ह्याची खात्री, मातीत एक पाऊल घट्ट तर दुसरं भुसभुशीत. १९६८ च्या मेक्सिकोत ऑलिंपिक पहिल्यांदा सिंथेटिकवर झालं आणि तिथे अमेरिकेचा जिम हाइन्स १०० मीटर ९.९५ मध्ये पळाला, अर्थात तिथली विरळ हवा पण मदतीला होती. मातीचे नक्की किती पॉइंट वजा करायचे ह्याला ०.२४ सारखा तयार आकडा नाही, माती कुठली, किती ओली, किती रोलर फिरवलेला, सगळ्यावर अवलंबून.

म्हणून दोघांत फास्ट कोण हे ह्या वहीतून निघत नाही, आणि मला वाटतं ते ओढूनताणून काढूही नये. वहीतून निघतं ते वेगळंच. एकाच पानावर, त्याच दोरीवर, त्याच घड्याळाखाली जूनपर्यंत १२.० पळणारा मुलगा दिवाळीनंतर ११.६ पळतो. हे खरं आहे, कारण दोरी दोन्ही वेळा तेवढीच तोकडी होती. माप चुकीचं असलं तरी ते सारखं चुकलं तर सुधारणा दिसते. घरचा वजनकाटा दोन किलो कमी दाखवत असला तरी दिवाळीत वाढलेलं वजन लपत नाही, तसं.

तर स्मरणिकेत काय छापतोय

कमिटीत दोन तट पडले. एक म्हणे ११.१ तसंच ठेवा, आपला इतिहास आहे, कशाला उकरायचं. दुसरे म्हणे काढूनच टाका, उद्या कोणी विचारलं तर. मी म्हटलं आकडा तसाच ठेवू, पुढे कंसात 'हँड टायमिंग, माती, सरळ रेघ ९८.६० मीटर' लिहू. आजच्या मुलांचं वेगळ्या तक्त्यात, वाऱ्यासकट. सरांनी प्रूफवर स्वतःच्या पेनाने '९८.६०' च्या पुढे 'तीनदा मोजून' असं वाढवलं.

त्या ११.१ वाल्याला फोन केला छापण्याआधी, आता डोंबिवलीला असतो, दोन पोरांचा बाप, गुडघ्याचं दुखणं. सगळं सांगितलं, दोरी, रुमाल, टाकीचा कोपरा. तो बराच वेळ हसला. टायमिंग काय होतं ते त्याला आठवतच नव्हतं, दुसरा कोण आला होता ते मात्र नावासकट आठवत होतं, आणि किती अंतराने तेही, "हातभर, जास्त नाही." मी म्हटलं दादा, ट्रॅक दीड मीटर कमी होता रे. तर म्हणाला, "त्याला पण कमीच होता ना."